फोनवरची मोटार

मोटार आपोआप चालू होते असं आरती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. आपोआप या जगात फक्त गाजरगवत उगवतं, बाकी सगळ्याला कुणाचा तरी हात लागतो, एवढं शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही कळतं. पण आठ दिवसांत तिसऱ्यांदा विहीर उपसलेली सापडली, तेव्हा तिचा सासरा श्रीमंत काठावर उकिडवा बसला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"पानी काय पाय फुटून गेलं का?" तो म्हणाला.

वाल्मिक, त्याचा एकुलता मुलगा आणि आरतीचा नवरा, दगड बांधलेली सुतळी वर ओढत होता. भिजलेली सुतळी त्यानं हातानं मोजली. "सकाळी साडेसात फूट हुतं. आता चारवर आलंय. आपन तर बटन दाबलंच न्हाई."

"मंग कोनी दाबलं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं.

विहीर दोन भावांची. थोरला श्रीमंत इथं शेवगावच्या पूर्वेला, वस्तीवर. धाकटा रामहरी नगरला सावेडीत, शाळेच्या बसवर ड्रायव्हर. एक दिवस पाणी श्रीमंतच्या कांद्याला, एक दिवस रामहरीच्या दीडशे मोसंबीला, अशी पाळी बापाच्या वेळेपासून चालत आलेली. गेल्या वर्षी दोघांनी मिळून फोनवरचा स्टार्टर बसवला. पेटीत एक सीमकार्ड, आणि मोबाईलमध्ये एक हिरवं बटण नि एक लाल. हिरवं दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद, मग माणूस बांधावर असो नाहीतर लग्नाच्या पंगतीत. रामहरीच्या झाडांना ठिबक होतं, त्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह कायम उघडाच असायचा. सावेडीत बसून तो झाडं जगवायचा, आणि झाडं खरोखर जगली होती. त्याआधी वर्षभरात वीस वाळली होती.

विहिरीवरची जुनी पेटी चोरांनी नेली होती. म्हणून नवी ओढ्याच्या पलीकडं, विजेच्या डीपीच्या खांबाला लावली आणि झाकणाला तार गुंडाळली. चारशे पावलं चालत जायचं कुणाला सोसतंय, आता फोन असताना? दुकानदारानं पासवर्ड म्हणून एक दोन तीन चार टाकून दिलं. तेच त्यानं पंचक्रोशीत सगळ्यांना टाकून दिलं होतं.

दिवाळीत रामहरी आला, तेव्हा जेवताना म्हणाला होता, "दादा, माझ्या पाळीला पानी कमी जातंय का?" सहजच म्हणाला होता म्हणे. पण श्रीमंतला ते लागलं. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. आणि आता व्हॉल्व्ह मोसंबीकडं उघडा, झाडांच्या बुडाशी ओल, नि विहिरीत चार फूट. आणखी कसला पुरावा पाहिजे?

"सावेडीत बसून विहीर उपसतोय," श्रीमंत म्हणाला. "आन् मलाच चोर म्हनतोय."

"फोन तर करून बघा," कडूबाई म्हणाली. ती त्याची बायको.

"त्यानं करावा. म्या थोरला हाय."

कांद्याला अजून दोन पाणी लागत होती. दोन पाणी मिळाली तर कांदा पोसणार, नाहीतर लिंबाएवढा राहणार. एप्रिलचं ऊन असं की सकाळी नऊलाच चप्पल तापायची. पाणी खाली गेल्यामुळं मोटार चिखल ओढायला लागली होती. तिच्याभोवतीचा गाळ काढायचा, ती फूटभर खाली सोडायची, आणि तारेला जो जुना जोड होता त्याला नवी टेप गुंडाळायची, असं ठरलं. दिवस श्रीमंतच्या पाळीचा. लाईट अकराला येणार होती. दोन तास पुष्कळ झाले.

वाल्मिक कमरेला दोर बांधून विहिरीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरनं खाली उतरला. श्रीमंतनं दोराला काठावरच्या दगडी खांबाचा एक वेढा दिला आणि टोक हातात धरलं. कडूबाई बादलीनं गाळ वर ओढायला. आरतीकडं फोन. घरातलं फोनचं सगळं तिच्याकडंच असायचं. कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, दवाखान्याचा नंबर, रेशनचं काय आलं नि काय नाही, सगळं तीच बघून सांगायची. बारावी झालेली सून म्हणून कडूबाई चारचौघीत मिरवायची सुद्धा. नवा मोबाईल घेऊन तिला महिनाही झाला नव्हता. विहिरीपाशी रेंज नव्हती, म्हणून ती शंभर पावलांवर उंच बांधावर बसली.

"पेटीतलं फ्यूज काढून या आधी," कडूबाई नवऱ्याला म्हणाली होती.

वाल्मिक पहिल्या कडीवर पाय ठेवता ठेवता हसला. "आई, लाईटच न्हाई तर फ्यूज काढून काय तेची पूजा करायची? आन् आली तरी फोनवर बंद हाय. आरती बसलीय की तिथं."

श्रीमंत दोर हातात घेऊन बसलेला होता. "अकराच्या आत वर ये म्हंजे झालं," एवढंच तो म्हणाला.

गाळ वाटला होता त्याहून जास्त निघाला. काळा, चिकट, कुजका वास मारणारा. वाल्मिक कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाटीनं बादली भरायचा आणि दोर हलवायचा. कडूबाई ओढायची. बादली काठावर येईपर्यंत तिच्या मनगटाच्या शिरा ताठ व्हायच्या, मग ती कोपरानं घाम पुसून बादली पालथी करायची. तिच्या बोटांना कांद्याच्या पातीनं चिरा पडलेल्या, त्या चिरांत गाळ भरला होता. चाळीस बादल्या झाल्यावर तिनं मोजणं सोडून दिलं.

"जोड सापडला," खालून वाल्मिकचा आवाज आला. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळं तो म्हाताऱ्या माणसासारखा ऐकू आला. "टेप पार सडलीय. पान्यातच हुता जोड."

"हात नको लावू. आधी वर घे तार," श्रीमंत म्हणाला.

"वर घेतोयच."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

बांधावर आरतीच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नेहमीची पाटी आली: वीज आली. मोटार चालू करायची का? हिरवं बटण. लाल बटण.

ठरल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधीच लाईट आली होती. तिनं मान वर करून ओरडायला तोंड उघडलं, तोवर पाटी बदलली. मोटार चालू आहे.

तिनं दाबलं नव्हतं. बोट पडद्याला लागलंसुद्धा नव्हतं.

विहिरीतून जो आवाज आला तो वाल्मिकचा आहे हे तिला कळलंच नाही. तो ओरडण्याचा नव्हता, छातीतून हवा दाबून काढल्यासारखा होता. तिनं लाल दाबलं. एक सेकंद, दोन, तीन, चार. फोनमधलं ते गोल चाक फिरत राहिलं. मोटार बंद आहे.

"लाईट आली!" ती ओरडली. "मामा, त्यांना वर घ्या!"

श्रीमंत दोर ओढत होता. दोर गच्च ताणला होता आणि हलत नव्हता. वाल्मिक आडवा झाला होता, दोर होता म्हणून तोंड पाण्याबाहेर राहिलं होतं. "वाल्मिका, कडी धर," श्रीमंत म्हणत होता, "कडी धर बाबा, वढतो म्या." वाल्मिकनं हात वर केला, पण बोटं मिटेनात. हात कडीला लागून घसरला.

पडद्यावर पुन्हा अक्षरं बदलली. मोटार चालू आहे.

आरतीनं लाल दाबलं. चाक फिरलं. बंद. तिनं श्वास घेतला न घेतला तोच पुन्हा चालू. कुणीतरी कुठंतरी बसून दाबत होतं. ती बंद करायची, ते चालू करायचं. त्या माणसाला हा खेळच वाटला असणार, बटण दाबावं आणि ते आपोआप लाल व्हावं, मग पुन्हा दाबावं.

"रामाला फोन लाव!" श्रीमंत काठावरून ओरडला. "सांग त्याला, माझं पोरगं खाली हाय!"

फोन लावायचा तर बटण सोडावं लागणार होतं. तिनं बटण सोडलं नाही. घामेजलेलं बोट घसरलं आणि पडदा खाली सरकला. त्या खालच्या पानावर ती कधी गेलीच नव्हती. तिथं यादी होती. मोटार कधी चालू झाली, किती वाजता, आणि कुणी केली. १०:२०, आरती. १०:२१, आरती. १०:२१, आरती. त्याखाली परवाची ओळ, त्याखाली सोमवारची. आरती, आरती. रामहरीचं नाव फक्त त्याच्या पाळीच्या दिवशी होतं.

तिला आठवलं. आपला जुना मोबाईल. काच तडकलेला, चार्ज न होणारा. तीन आठवड्यांपूर्वी मोटारसायकलला प्लास्टिकचे टब बांधून, भोंगा लावून तो माणूस वस्तीवर आला होता: जुना-पुराना, बंद पडलेला मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या. तिनं सीम काढून घेतलं आणि मोबाईल देऊन टाकला. सीम काढलं की मोबाईल म्हणजे रिकामा डबा, असंच ती समजत होती. वस्तीवरच्या सगळ्याच बाया असंच समजत होत्या. त्या दिवशी सात जणींनी टब घेतले.

पण हे सगळं उलगडत बसायला वेळ नव्हता. लाल दाबून हे थांबणार नव्हतं. पेटी बंद करायला पाहिजे होती, आणि पेटी ओढ्याच्या पलीकडं होती. श्रीमंतला दोर सोडता येत नव्हता. कडूबाईच्या गुडघ्यांना चारशे पावलं म्हणजे अर्धा तास.

"आत्या, इकडं या!"

कडूबाई बादली टाकून बांधावर आली. आरतीनं फोन तिच्या हातात कोंबला. "हे लाल. हिरवं झालं की लाल दाबायचं. सारखं दाबायचं. दुसऱ्या कशालाच हात लावू नका."

"मला न्हाई जमायचं, पोरी."

"जमंल. दाबा."

आणि ती पळाली. चप्पल बांधावरच राहिली. ढेकळं, मग कापलेल्या तुरीचे खुंट, मग ओढ्यातली तापलेली वाळू. एक खुंट तळव्यात घुसला ते तिला जाणवलं आणि तसाच घेऊन ती पळत राहिली. मागून कडूबाईचा आवाज येत होता, "व्हईना गं, लागंना माझं बोट, हे ऐकंना." मग तो आवाजही बंद झाला. आरतीनं मागं वळून बघितलं नाही. मागं वळले तर पाय थांबतील अशी भीती तिला वाटली.

पेटीची तार गंजलेली होती. वाल्मिकनंच पक्कडीनं पिळून पक्की केली होती, चोरांसाठी. आरतीनं नखं लावली, दात लावले, शेवटी दगड घेऊन पिळावर घातला. तिसऱ्या घावाला तार सुटली. आत खटका होता, ती दोन्ही हातांनी त्याच्यावर लोंबकळली आणि तो खाली आला. मग तिनं तिन्ही फ्यूज उपटले, पदरात बांधले आणि तिथंच मटकन बसली. लगेच उठली. अजून तिला काहीच माहीत नव्हतं.

परत येताना तिला आधी कडूबाई दिसली. बांधावर गुडघे टेकून, फोन तोंडाशी धरून ती डोकं खालीवर करत होती. चिरा पडलेल्या, गाळानं भरलेल्या बोटांना तो पडदा दाद देत नव्हता. बोट थुंकीनं भिजवून झालं, लुगड्याला पुसून झालं. मग तिनं नाकाच्या शेंड्यानं बटण दाबायला सुरुवात केली होती आणि अजून ती दाबतच होती.

"आत्या, सोडा. फ्यूज काढलं."

"वाल्मिक?" कडूबाईनं विचारलं. नाकाच्या शेंड्यावर काळा डाग पडला होता.

शेजारच्या रानातले दोघं कांदा काढायचं सोडून धावत आले होते. तिघांनी मिळून वाल्मिकला वर ओढलं आणि उचलून बांधावर आणलं. तो जिवंत होता. ओठ निळे, उजवा हात खांद्यापासून लोंबणारा, तळहातावर तारेच्या जाडीचा पांढरा भाजका पट्टा. त्यानं डोळे उघडले आणि बोलायला गेला, पण दात वाजत असल्यामुळं शब्द निघेना. भर उन्हात तो थंडीनं कुडकुडत होता. आरतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती रडली, मोठ्यानं, सासऱ्यासमोर.

श्रीमंतच्या तळहाताची सालटं दोरानं निघाली होती. त्याच हातानं त्यानं खिशातला बटणांचा फोन काढला आणि रामहरीला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"रामा, माझं पोरगं मारायला निघालास का रं?" त्याचा आवाज फाटला. "दीडशे झाडांपायी? पान्यासाठी? आजपास्नं तू मला मेलास. ठान्यात नाव देतो तुझं, हातकड्या घालून नेत्याल शाळेसमोरनं." आणि त्यानं फोन बंद करून टाकला.

आरतीनं ऐकलं. त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. मामा, रामहरीनाना न्हाईत, मी हाय. एवढंच म्हणायचं होतं. ती वाल्मिकचे पाय चोळत राहिली. लाज वाटत होतीच, पण खरं म्हणजे ती भ्याली होती.

शेवगावच्या दवाखान्यात वाल्मिकच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, सलाईन लावलं, हात बांधला. डॉक्टर म्हणाले, आणखी चार-दोन वेळा शॉक बसला असता तर आणायची गरज राहिली नसती. संध्याकाळपर्यंत थांबा, पुन्हा पट्टी काढू. श्रीमंत बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. दर फेरीला म्हणायचा, "पट्टी नीट आली की म्या ठान्यात जातो." कडूबाई खाटेशी बसून पदरानं नाक पुसत होती, डाग जात नव्हता.

आरती भिंतीला टेकून उभी होती. तळव्यातला खुंट नर्सनं काढला होता. कमरेला खोचलेला फोन आणि फोनमध्ये ती यादी. आता तिला आणखी आठवत होतं. त्या जुन्या मोबाईलमध्ये नुसती मोटार नव्हती. आधारचा फोटो होता, दवाखान्याचे कागद होते, माहेरी पुणतांब्याला आईशी बोलताना केस मोकळे सोडून काढलेले तिचे फोटो होते. कुणाच्या हातात असेल ते सगळं? आपण सांगितलं तर घरात काय होईल, आणि नाही सांगितलं तर नानांना पोलीस नेतील. दोन तास तिनं गप्प राहून काढले. गप्प राहणं हेही एक करणंच आहे, हे तिला दर मिनिटाला कळत होतं.

एकच्या सुमाराला रामहरी आला. अंगात बसचा खाकी शर्ट, कुणाची तरी मागून आणलेली मोटारसायकल, सावेडीपासून सत्तर किलोमीटरचं ऊन तोंडावर. भावाकडं न बघता तो आत गेला. वाल्मिकच्या पायाला हात लावून उभा राहिला.

"नाना," वाल्मिक पुटपुटला.

"पडून ऱ्हा."

श्रीमंत दारात आला. "कशाला आलास?"

रामहरीनं त्याच्याकडं तोंड केलं. "दादा, म्या गाडी चालवत हुतो. फोन बसमधल्या बाईकडं असतोय, तिनं उचलून माझ्या कानाशी धरला. मोठ्या आवाजावर हुता." तो थांबला. "बावीस लेकरं हुती गाडीत. समद्यांनी ऐकलं."

श्रीमंतनं दाराची चौकट धरली.

"लेकरं सोडली, चावी दिली, आन् आलो. शाळेनं काय म्हनायचं ते म्हनू दे." त्यानं खिशातून आपला मोबाईल काढला आणि तो भावाला नाही, आरतीला दिला. "पोरी, तुला कळतंय ह्यातलं. म्या कवा कवा दाबलं ते ह्यात असंल की. वाच. दादाला ऐकू जाईल असं वाच. माझं नाव निघलं तर म्या सोता ठान्यात जातो."

फोन तिच्या हातात आला. श्रीमंतला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नव्हतं, कडूबाईला वाचता येत नव्हतं. आरती जे वाचेल तेच खरं ठरणार होतं. खोटं वाचायला एक शब्द पुरला असता. तिनं वाल्मिककडं बघितलं, त्याचे डोळे मिटलेले होते.

तिनं वाचलं. "आज दहा वीस. आरती. दहा एकवीस. आरती. पुन्हा आरती." ती खाली खाली वाचत गेली. "परवा सकाळी. आरती. सोमवारी. आरती. नानांचं नाव त्यांच्या पाळीलाच हाय, बाकी कुठं न्हाई."

"आरती म्हंजी?" श्रीमंतनं विचारलं.

"माझा जुना मोबाईल. टबवाल्याला दिला तो. सीम काढलं हुतं, पन आतलं समदं तसंच राहिलं. कोनीतरी तो दुरुस्त करून वापरतंय. त्याला काय ठावं, बटन दाबलं की कुठं काय चालू हुतं ते." तिनं फोन खाटेवर ठेवला. "चूक माझी हाय. मला विहिरीवरच कळलं हुतं. तुमी नानांना बोलत हुता तवा मला ठावं हुतं, मी गप बसले."

खोलीत पंखा फिरत होता. श्रीमंतच्या जबड्याची शीर हलली. तो आता काय म्हणणार हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात कडूबाई बोलली.

"मोबाईल म्या द्यायला लावला. टब मला पायजे हुता. ती नको म्हनत हुती, आतमधी फोटू हायेत म्हनत हुती. म्या म्हनलं, सीम काढलं की झालं." ती नवऱ्याकडं वळली. "बोलायचं आसंल तर मला बोला."

श्रीमंत कुणालाच बोलला नाही. तो बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि सालटं निघालेले तळहात उघडे ठेवून बघत राहिला. जरा वेळानं रामहरीही बाहेर आला, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. चूक झाली, हे शब्द श्रीमंतनं उभ्या जन्मात कुणाला म्हटले नव्हते. बापाला नाही, बायकोला नाही. आताही ते त्याच्याच्यानं निघाले नाहीत.

"आरती," त्यानं हाक मारली. ती दाराशी आली. "ते कुलूप बदलता येतंय का? म्हंजी त्या मानसाच्या हातातलं बंद पडंल असं?"

"येतंय, मामा. पासवर्ड बदलायचा. मग समद्या मोबाईलमधनं ते बाहेर पडतं."

"बदल मंग."

तिनं खाटेवरचा रामहरीचा मोबाईल आणून ते पान उघडलं. "काय टाकू?"

"मला इचारू नको. रामाला इचार. त्याच्या मनात यील ते त्यालाच टाकू दे. मला ठावं नको, वाल्मिकला नको, तुला नको."

रामहरीनं मान वळवली. "आन् तुझ्या पाळीला?"

"माझ्या पाळीला म्या तुला फोन करीन. तू चालू करायची. बंद करायच्या वक्ताला परत करीन."

"दिवसाआड?"

"दिवसाआड. दोन-दोन डाव."

रामहरी बाकावरून उठला. मग त्यानं आरतीच्या हातातून फोन घेतला, पाठ फिरवली आणि चार आकडे दाबले. पुसून पुन्हा दाबले. त्याचे डोळे भरून आले होते म्हणून त्याला एवढा वेळ लागला.

वाल्मिक दुसऱ्या दिवशी घरी आला. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून जाण नव्हती, येईल म्हणाले होते. शेवगावहून माणूस आणून मोटार वर काढली, तार नवी टाकली. ते काम होईपर्यंत फ्यूज आरतीच्या पदरात होते आणि ते कुणी मागितलेही नाहीत. वस्तीवरच्या बाकीच्या सहा जणींकडं ती स्वतः गेली, आपल्या तोंडानं सगळं सांगून आली. दोघींनी तिला नावं ठेवली, चौघींनी आपापल्या मुलांना बोलावून पासवर्ड बदलायला बसवलं. जुना मोबाईल कुणाच्या हातात होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

श्रीमंतची पाळी आली. अकरा वाजले, लाईट आली. वाल्मिकनं डाव्या हातानं व्हॉल्व्ह कांद्याकडं फिरवला आणि तो सरीच्या तोंडाशी जाऊन बसला. आरती खुरपं घेऊन उभी राहिली. श्रीमंत बांधावर गेला, फोन डोळ्यांपासून लांब धरून त्यानं नंबर लावला. दिवाळीनंतर पहिल्यांदा तो भावाला भांडायला नव्हे तर बोलायला फोन करत होता, आणि काय बोलायचं असतं ते विसरल्यासारखं त्याला झालं.

"बोल दादा," पलीकडून आवाज आला.

"लाईट आलीय."

"विहिरीत कोन न्हाई ना?"

"न्हाई."

"बघितलंस?"

"आत्ताच तर बघितलं."

"परत बघ. म्या थांबतो."

एरवी श्रीमंतला हे लागलं असतं. आज तो फोन कानाला तसाच धरून बांध उतरला. मग त्याला आठवलं की विहिरीपाशी रेंज नसते, बोलणं तुटेल. तो परत वर आला. फोन सुरूच ठेवून त्यानं तो बांधावरच्या सपाट दगडावर ठेवला, उन्हानं तापू नये म्हणून वर टोपी ठेवली आणि शंभर पावलं चालत विहिरीवर गेला. काठावर गुडघे टेकून वाकला. खाली पाणी होतं, पाण्यात आभाळाचा तुकडा होता, कड्या मोकळ्या होत्या. तरी त्यानं हाक मारली, "कोन हाय का रं आत?" आणि हाक विरेपर्यंत तो तसाच वाकून राहिला.

मग तो परत आला, टोपी उचलली, फोन कानाला लावला. रामहरी थांबला होता.

"कोन न्हाई, रामा," तो म्हणाला. "कर चालू."

पाईप थरथरला आणि सरीत पाणी आलं. वाल्मिकनं हात वर करून खूण केली. काम झालं होतं, पण दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नाही.